‘मत्स्यगंधा’चे संगीत पारंपरिक कसे?

मा. संपादक महोदय यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात फोंडा तालुक्यातील एका देवळाच्या वार्षिक उत्सवात गावच्या मंडळाने ‘मत्स्यगंधा’ नाटकाचा प्रयोग केला. पालखी आत गेल्यानंतर, म्हणजे रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू झालेला हा प्रयोग पहाटेपर्यंत रंगला. गावातील शिक्षक, बँकेतील कारकून आणि एक रिक्षाचालक यांनी महिनाभर तालमी करून उभे केलेले ते काम पाहून समाधान वाटले. खटकली ती हँडबिलावरील एक ओळ. त्या हँडबिलावर नाटककार वसंत कानेटकर होते, दिग्दर्शक होते, नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना, ध्वनिक्षेपक पुरवणारा आणि पडदे भाड्याने देणारा अशी सर्वांची नावे होती. संगीताच्या ओळीत मात्र ‘पारंपरिक’ असा एकच शब्द छापलेला होता.

मध्यंतरात मी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांना याविषयी विचारले. त्यांनी निरागसपणे सांगितले की ही पदे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, प्रत्येक गावात ती म्हटली जातात, म्हणून पारंपरिक लिहिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या गृहस्थांनी १९६४ साली या नाटकाला संगीत दिले ते पं. जितेंद्र अभिषेकी ज्या मंगेशीत जन्मले, ती त्या मांडवापासून दुचाकीने पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे. आपल्याच शेजारच्या गावातील माणसाचे नाव साठ वर्षांत ‘परंपरा’ या शब्दाखाली गडप व्हावे, हे मला फार लागले, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. चाळीस वर्षे उत्सवातील नाटकांना पेटीची साथ करणारा मी एक हौशी वादक आहे; संगीतशास्त्राचा अधिकारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

संगीत नाटकाच्या बाबतीत ‘पारंपरिक’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि त्यानंतर ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी कीर्तनातील, लावणीतील, बायकांच्या गाण्यातील आणि कर्नाटकातून आलेल्या ओळखीच्या चालींवर पदे रचली. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा निर्देश केलेला असे. वाचणाऱ्याला ते मूळ गाणे ठाऊक आहे हे गृहीतच होते. अशा पदांच्या संगीताला पारंपरिक म्हणणे योग्यच होय. पुढे चित्र बदलले. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा ठुमरी आणि ख्याल यांचा ऐवज रंगभूमीवर आला, आणि चाल देणारा हा स्वतंत्र मानकरी ठरला. तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते गाणाऱ्याचे. १९२७ च्या ‘रणदुंदुभी’तील ‘परवशता पाश दैवे’ हे पद आपण आजही ‘दीनानाथांचे पद’ म्हणूनच ओळखतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मा. दीनानाथांनी ते गाऊन अजरामर केले. परंतु त्या नाटकाचे संगीत गायक रामकृष्णबुवा वझे यांचे होते हे सांगणारा माणूस दहांत एखादाच सापडेल. म्हणजे हा विसर जुनाच आहे, फक्त आता तो छापला जाऊ लागला आहे.

अभिषेकीबुवांच्या कारकिर्दीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. २१ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव नवाथे. मंगेशाच्या अभिषेकाचे काम घराण्याकडे असल्याने अभिषेकी हे नाव रूढ झाले. वडील बाळूबुवा कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही: कथा कुठे थांबवायची, पद कुठे सुरू करायचे आणि ते कधी आवरते घेऊन श्रोत्याला पुन्हा कथेत आणायचे. ख्यालगायकाला या गोष्टीची गरज पडत नाही. नाटकाच्या संगीतकाराचे मात्र निम्मे काम तेच असते. बुवांच्या नाट्यसंगीताचे मूळ शोधणारे बहुतेक जण त्यांच्या उस्तादांकडे जातात. मला ते आधी मंगेशीच्या कीर्तनात दिसते.

उस्ताद आणि गुरूही मोठे लाभले, याबद्दल दुमत नाही. गोव्यात गिरिजाबाई केळेकर, मुंबईत आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ आणि गुलूभाई जसदनवाला अशी त्यांची तालीम झाली. गिरिजाबाई या ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या भगिनी, हे येथे नमूद केले पाहिजे. बांदोड्याच्या या घरातील ज्योत्स्नाबाईंनी पुढे ‘कुलवधू’मध्ये गायलेली पदे, आणि त्यांचे पती केशवराव भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात मोजकी, भावगीताच्या अंगाने जाणारी पदे व पार्श्वसंगीत यांचा केलेला प्रयोग, ही मराठी रंगभूमीवरील ‘संगीत दिग्दर्शन’ या कल्पनेची पहिली ठळक पावले होत. म्हणजे मंगेशी आणि बांदोडे या दोन शेजारच्या गावांचा या इतिहासात केवळ गायक पुरवण्यापुरता वाटा नाही. बुवा संस्कृत साहित्याचे पदवीधर होते आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोकणी विभागात काम करीत होते, याही गोष्टी त्यांच्या कामात उतरल्या. पदातील शब्द कुठे तोडू नये याचे भान ज्याला भाषेतून आले आहे, त्याच्या चालीत आणि ज्याला ते नाही त्याच्या चालीत फरक पडतो. पेटीवर बोट ठेवणाऱ्यालाही तो लगेच कळतो.

१९६० च्या आसपास संगीत नाटकाला पुन्हा बहर आला होता. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ ही नाटके गाजत होती. अशा वेळी मुंबईच्या दि गोवा हिंदु असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचे, पराशर झाले म्हापशाचे रामदास कामत, सत्यवती झाल्या गोव्याच्याच आशालता वाबगावकर, आणि संगीत मंगेशीच्या अभिषेकींचे. मुक्त होऊन तीन वर्षेही न झालेल्या गोव्याच्या माणसांनी परमुलखात उभे केलेले हे नाटक आहे, आणि त्याचे संगीत गोव्यातीलच हँडबिलावर निनावी व्हावे!

या नाटकात बुवांनी काय केले, हे पदांच्या क्रमावरून पाहावे. पराशराला मोह पडतो तेव्हा ‘गुंतता हृदय हे’ येते, आणि त्याच पराशराला हिमालय बोलावू लागतो तेव्हा ‘साद देती हिमशिखरे’ येते. गायक तोच, आवाज तोच, पट्टीही फारशी न बदलता भागते. पहिली चाल शब्दाशब्दापाशी रेंगाळते, दुसरी पहिल्याच ओळीत वर चढते आणि मागे वळून पाहत नाही. पराशर सत्यवतीला सोडून जाणार हे प्रेक्षकाला संवादाच्या आधी चालीवरून उमगते. सत्यवतीच्या पदांचेही तसेच. ‘गर्द सभोंती रान साजणी’ म्हणणारी कोळ्याची अल्लड पोर आणि ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ म्हणणारी राजमाता यांच्यामध्ये सगळे आयुष्य उलटून गेले आहे, आणि ते वय चालीत ऐकू येते. आशालताबाई मैफलीच्या गवय्या नव्हत्या, नटी होत्या. त्यांच्या गळ्याला झेपेल आणि तरीही प्रसंगाला उणे पडणार नाही अशी चाल बांधणे हे बंदिश बांधण्याहून सोपे काम आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने एकदा हौशी नटाला पद बसवून पाहावे.

दोनच वर्षांनी, १९६६ साली, बुवांची दोन नाटके आली, आणि ती एकाच माणसाची आहेत हे सांगूनही खरे वाटू नये इतकी ती वेगळी आहेत. ‘ययाति आणि देवयानी’तील शिरवाडकरांची पदे संस्कृताच्या वळणाची, भारदस्त. त्यातील ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ या पदासाठी त्यांनी चारुकेशीसारखा दक्षिणेकडून आलेला राग निवडला, आणि आज महाराष्ट्रात व गोव्यात चारुकेशी म्हटले की पुष्कळांना आधी हेच पद आठवते. ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये मात्र राजेमहाराजे नाहीत, मूल नसलेले एक मध्यमवर्गीय जोडपे आहे, आणि श्रीकांत मोघ्यांसारखा नट बोलता बोलता गाऊ लागतो व गाता गाता बोलू लागतो. येथे तान घेतली तर नाटक कोसळेल. शास्त्रीय संगीतात मुरलेल्या माणसाने आपली सगळी विद्या बाजूला ठेवून बोलण्याच्या लयीवर चाली बांधाव्यात, हे मला त्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’इतकेच मोठे काम वाटते. माझे हे मत अनेकांना पटत नाही; आमच्या फोंड्याच्या गाणाऱ्या मंडळींत तर मुळीच पटत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’विषयी पुष्कळ बोलले जाते, आणि २०१५ च्या चित्रपटानंतर तरुण मुलांनाही ती पदे ठाऊक झाली. १९६७ साली प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने ते आणले. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी नाटक लिहिले आणि पदेही. डॉ. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आणि भार्गवराम आचरेकरांचे पंडितजी ज्यांनी पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढून ते जात नाहीत. या नाटकात संगीत हे पात्रांच्या भावनेला दिलेले अस्तर नव्हे. संगीत हाच कथाविषय आहे. दोन घराण्यांचे वैर रागदारी न कळणाऱ्या प्रेक्षकाच्याही कानाला कळले पाहिजे, अन्यथा तीन तासांचे नाटक म्हणजे दोन म्हाताऱ्यांचे भांडण उरते. बुवांनी याचे उत्तर एकाच पदात दिले. ‘घेई छंद मकरंद’ हे पद पंडितजींच्या गळ्यात एका चालीने येते, शांत आणि ठाय, म्हणजे संथ लयीत. आणि तेच शब्द खाँसाहेबांच्या गळ्यात निराळ्या चालीने, चपळ आणि आक्रमक होऊन येतात. शब्द तेच ठेवल्यामुळे प्रेक्षकाला तुलना करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खाँसाहेब पंडितजींच्या हवेलीत पाऊल ठेवतात तेव्हाचे ‘या भवनातील गीत पुराणे’ हे पद तर उघडच जुन्या मवाळ सुरांना घराबाहेर काढते, आणि त्याची चालही तशीच बाही सावरून उभी राहते. अनेक गुरूंकडे, निरनिराळ्या घराण्यांत शिकल्याबद्दल बुवांना त्या काळी नाके मुरडणारे लोक भेटले असतीलच. पण एकाच घराण्याच्या कुंपणात वाढलेल्या संगीतकाराला ‘कट्यार’ अशी बांधता आली नसती, असे मला वाटते.

१९६८ च्या ‘हे बंध रेशमाचे’मध्ये शांताबाई शेळक्यांची पदे होती. ‘काटा रुते कुणाला’ आणि ‘का धरिला परदेश’ ही पदे नाटक न पाहिलेल्या लाखो लोकांच्या ओठी गेली. पुढे ‘मीरा मधुरा’, ‘धाडिला राम तिने का वनी’, ‘संत गोरा कुंभार’ अशी नाटके होत राहिली, शिष्य तयार झाले, १९८८ मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हे सर्वश्रुत असल्याने त्यात अधिक जात नाही.

मला अधिक बोलायचे आहे ते संगीत दिग्दर्शकाच्या न दिसणाऱ्या कामाविषयी, कारण ‘पारंपरिक’ हा शब्द छापणाऱ्याच्या मनात चाल म्हणजेच संगीत असा समज असतो. चाल हा त्यातील एक भाग झाला. नटाची पट्टी ठरवणे, संवादाच्या कोणत्या शब्दावर ऑर्गनने सूर धरायचा हे ठरवणे, पद किती वेळ चालावे याचा हिशेब करणे, पद संपल्यावर नटाने गायकाचा चेहरा टाकून पात्राचा चेहरा कधी घ्यावा हे तालमीत त्याच्या अंगवळणी पाडणे, आणि या सगळ्यावर टाळीचा मोह आवरणे, हे त्याचे काम असते. जुन्या संगीत नाटकात पन्नास पन्नास पदे असत आणि वन्समोअर घेत ती पहाटेपर्यंत चालत. बुवांच्या पिढीने पदांची संख्या कमी केली आणि एकेक पद आटोपशीर बांधले. त्यामुळे नाटक तीन तासांत बसू लागले, हा हिशेबी फायदा झालाच. पण पद हे प्रसंगाचाच भाग होऊन गेले, हा खरा लाभ.

आणि आपण उत्सवांत नेमके हेच मोडून टाकतो. त्या रात्रीच्या प्रयोगातही ‘गुंतता हृदय हे’ साधारण अकरा मिनिटे चालले. पराशराचे काम करणारा तरुण चांगला तयार गळ्याचा होता, त्याने आलापी केली, सरगम केली, तबल्याशी सवालजवाब केले, लोकांनी टाळ्या दिल्या, आणि तोवर बिचारी सत्यवती होडीत बसून पदराच्या टोकाशी चाळा करीत राहिली. दोष त्या तरुणाचा नाही. ही सवय त्याला आमच्या पिढीने लावली आहे. मी स्वतः कितीतरी नाटकांत गायक थांबू पाहत असताना पेटीवर मुखडा पुन्हा धरून त्याला पुढे ढकलले आहे, कारण पद रंगले की साथीदाराचेही नाव होते. संगीतकाराचे नाव हँडबिलावरून गेले की त्याचा हिशेबही जातो, आणि मग पदे कोणाच्याच मालकीची नसल्यासारखी ती वाटेल तशी ताणली जातात. ‘पारंपरिक’ हा शब्द म्हणूनच मला नुसती छपाईची चूक वाटत नाही.

काही वाचक म्हणतील की चाल लोकांची झाली, संगीतकाराचे नाव विसरले गेले, हाच त्याचा मोठा सन्मान. ओवी आणि फुगडीच्या बाबतीत हे मला मान्य आहे. परंतु ज्याचा जन्मदिवस, मृत्युदिवस आणि प्रत्येक नाटकाचे साल आपल्याला ठाऊक आहे, ज्याच्या हाताखाली तालीम घेतलेली माणसे आजही आपल्यात आहेत, त्याला लोकगीताच्या रांगेत बसवणे हा सन्मान नसून आळस आहे. नाटककाराची परवानगी, मानधन यांचा प्रश्न येतो म्हणून कानेटकरांचे नाव बिनचूक छापले जाते, यातच सगळे आले.

म्हणून उत्सव मंडळांना आणि नाट्यस्पर्धांच्या आयोजकांना माझी नम्र सूचना आहे की मूळ संगीतकाराचे नाव हँडबिलावर, पडदा उघडण्यापूर्वीच्या घोषणेत आणि स्पर्धेच्या प्रवेशअर्जात नाटककाराच्या नावाखालोखाल असावे. प्रयोगासाठी पदे बसवणाऱ्या स्थानिक मास्तरांचे नाव ‘संगीत मार्गदर्शन’ म्हणून वेगळे द्यावे, म्हणजे त्यांचाही मान राहील. त्याचबरोबर, अभिषेकीबुवांच्या नावाने गोव्यात दरवर्षी संगीत महोत्सव होतो, त्यात ख्यालगायनाच्या शेवटी एखादे नाट्यपद म्हटले जाते. एका वर्षी तरी एक संपूर्ण सत्र त्यांच्या नाटकांतील प्रवेशांना द्यावे, ज्यात पद एकटे न येता आधीच्या व नंतरच्या संवादांसह, मूळ लांबीत आणि ऑर्गन-तबल्याच्या साथीवर सादर होईल. २०२९ साली बुवांची जन्मशताब्दी येत आहे. तोवर त्यांच्या नाटकांतील पदांचे स्वरलेखन, कोणत्या संवादानंतर पद सुरू होते आणि कोणत्या शब्दावर संपते या टिपांसह, तयार व्हायला हवे. त्यांच्या तालमीत बसलेले कलावंत व साथीदार आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. रामदास कामत २०२२ मध्ये गेले, आशालताबाई त्याआधी २०२० मध्ये गेल्या. ज्यांना विचारून घ्यायचे आहे, त्यांना लवकर विचारावे लागेल.

ता. क. हे पत्र लिहून झाल्यावर त्याच मंडळाचे दोन तरुण घरी आले होते. नवरात्रातील मखरोत्सवानंतर त्यांना ‘ययाति आणि देवयानी’ करायचे आहे आणि पेटीला मी बसावे अशी त्यांची इच्छा आहे. मी होकार दिला आहे. हँडबिलाचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी मला दाखवायचा आणि एकही पद सहा मिनिटांवर जाऊ द्यायचे नाही, या दोन अटी त्यांनी मान्य केल्या. दुसरी मान्य करताना पराशराचे काम केलेला तो तरुण किंचित हिरमुसला होता.

आपला नम्र,
एक जुना पेटीवादक,
म्हार्दोळ, फोंडा – गोवा